चार्ल्स ब्राउन श्रवणसत्र : कामाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२५

जानेवारीचं सत्र माझ्या गळ्यात पडलं. आमच्या श्रोता मंडळात ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) म्हटलं की गिटार आणि गिटार म्हटलं की बी. बी. किंग, यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून मुद्दाम पियानोवाला घेतला. चार्ल्स ब्राउन, गायक आणि पियानोवादक, जन्म १९२२, टेक्सस सिटी. त्याचा १९९० चा 'ऑल माय लाइफ' हा अल्बम मध्यभागी ठेवायचा आणि त्याच्या मागचं-पुढचं लागेल तेवढंच घ्यायचं. वेळ दोन तास, मध्ये चहा.

सचिवांनी गटावर लगेच टाकलंसुद्धा : 'ज्येष्ठ कलावंताचं दमदार पुनरागमन'. 'दमदार' तेवढं काढायला लावलं. हा माणूस दम लावून गातच नाही, लोक त्याच्यावर जीव टाकायचे ते त्यासाठीच. 'पुनरागमन' राहू दिलंय, पण त्याबद्दलही माझ्या मनात शंका आहे. बघू.

१२ डिसेंबर

टाचणं काढायला बसले. याची कुंडली ब्लूजवाल्यांच्या नेहमीच्या कुंडलीशी जुळत नाही. कापसाची शेतं नाहीत, रेल्वेच्या डब्यातून भटकणं नाही. आजीने वाढवलं, पियानो तिनेच शिकायला लावला, चर्चमध्ये वाजवून हात बसला. मग प्रेअरी व्ह्यू कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी, बेटाऊनच्या शाळेत मास्तरकी, आणि युद्धाच्या काळात आर्कान्सातल्या पाइन ब्लफच्या शस्त्रागारात रसायनज्ञाची नोकरी. त्या कारखान्यात मस्टर्ड गॅस हा विषारी वायू बनायचा.

हे काकांना फोनवर सांगितलं. ते सातारा जिल्ह्यात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. म्हणाले, "मग त्याने नोकरी सोडली यात नवल काय? मी असतो तर पेटी घेऊन पळालो असतो." सत्राला यायचंय म्हणाले. एरवी त्यांना इंग्रजी गाणी म्हणजे गोंगाट वाटतो. या वेळी स्वतःहून विचारलं.

कॅलिफोर्नियात आल्यावर लॉस एंजेलिसच्या लिंकन थिएटरमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा होती. तिथे त्याने 'सेंट लुइस ब्लूज' वाजवलं आणि नंतर 'वॉर्सा कॉन्चेर्टो' ही पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाची रचना. स्पर्धा जिंकला. ही जोडी लक्षात ठेवायची. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या पियानोत जे काही ऐकू येतं ते या दोन टोकांच्या मधलं आहे.

१४ डिसेंबर

आधी याचा पॉडकास्ट करायचा विचार होता, तो सोडला. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९४५ ते ५१ ची त्याची मूळ मुद्रणं मोकळी झालीत. पण गाण्याच्या रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, आणि ही सगळी मंडळी काही फार पूर्वी गेलेली नाहीत. १९९० चा अल्बम तर दोन्हींत अडकतो. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात नफा न कमावणाऱ्या क्लबने किंवा तशाच संस्थेने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला मुभा आहे. मंडळ त्यात चपखल बसतं. तिकीट नाही, चहाची वर्गणी नेहमीसारखी डब्यात.

१९ डिसेंबर

आजचा दिवस कामी आला. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा दादा संध्याकाळी वाद्य घेऊन घरी आला. मी 'ड्रिफ्टिंग ब्लूज' लावलं. १९४५ चं मुद्रण, जॉनी मूर्स थ्री ब्लेझर्स या त्रिकुटाचं : जॉनी मूर गिटारवर, एडी विल्यम्स बासवर, ब्राउन पियानोवर आणि गायला. ड्रमवर जॉनी ओटिस, तो त्रिकुटाबाहेरचा. दादाने चार बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड) ऐकले आणि म्हणाला, "स्लो रॉक आहे हा." त्याच्या कीबोर्डवर त्या नावाचा तयार ठेका आहे, लग्नांत रोज वाजतो. बटण दाबलं आणि गाणं त्यावर बसलं. एका मात्रेत तीन तुकडे, आणि त्यातला मधला जवळजवळ गिळलेला. सत्रात हेच करून दाखवायचं ठरलं, कारण 'शफल' वगैरे शब्द टाकले की मागच्या दोन रांगा मोबाइल काढतात.

मग आराखडा मांडला. बारा बारांचं एक आवर्तन, दर बारात चार मात्रा, म्हणजे ४८. पहिले चार बार 'सा' वरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर), पुढचे दोन 'म' वर, दोन परत 'सा' वर, मग एक 'प', एक 'म' आणि शेवटचे दोन घरी. गाण्याच्या ओळी तीन. पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी ज्यात गोष्ट पुढे जाते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा त्यातले साधारण दोनच वापरतो. उरलेल्या दोनांत वाद्य बोलतं. दुसऱ्याच्या साथीवर गाणाऱ्याला तिथे थांबून राहावं लागतं. ब्राउनला थांबायचं काम नव्हतं, दोन्ही बोलणी त्याचीच. ओळ संपताना आवाज विरत जातो आणि शेवटचं अक्षर विरण्याआधीच उजवा हात वरच्या सप्तकातून खाली उतरायला लागतो. कोण कुठे संपलं हे दोनतीनदा मागे नेऊन ऐकलं तरी नक्की सांगता येईना.

आणखी एक गोष्ट दादाने दाखवली ती मला ठाऊक नव्हती. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. गिटारवाला तार खेचून तिथे जातो, गायक गळ्याने जातो. पियानोवाल्याला तो सूर मिळतच नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतं. मग तो कोमल ग ला ओझरता स्पर्श करून शुद्ध ग वर घसरतो, किंवा दोन्ही पट्ट्या एकदम चिरडतो. पेटीवाले मींड नसल्यामुळे कण लावून भागवतात तसंच. आमच्या मंडळात पेटीची बाजू घेऊन भांडणारे तिघे आहेत, १९४० ते १९७१ आकाशवाणीने पेटीवर घातलेल्या बंदीचा राग ज्यांना अजून येतो. त्यांना हा भाग आवडणार. दादाने तो गंधार दहाबारा वेळा वाजवून दाखवला, शेवटी खालच्या मजल्यावरून निरोप आला.

२५ डिसेंबर

मॉलमध्ये नाताळची गाणी. त्यात 'मेरी ख्रिसमस बेबी' लागलं, कुण्या नव्या गायिकेचं. मूळ ब्राउनचं, १९४७, थ्री ब्लेझर्सबरोबर. आपणच ते बेतलं असं तो आयुष्यभर सांगत राहिला, श्रेयात मात्र लू बॅक्स्टर आणि जॉनी मूर यांची नावं आहेत. १९७१ मध्ये एल्विस प्रेस्लीने ते गायलं. दुसरं, 'प्लीज कम होम फॉर ख्रिसमस', १९६० मध्ये सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड कंपनीसाठी. पुढे १९७८ मध्ये ईगल्स या बँडने घेतलं. म्हणजे अमेरिकेत दर डिसेंबरला त्याची गाणी घराघरांत वाजत होती आणि माणूस विस्मृतीत गेला असंही म्हटलं जात होतं. सत्रात हे एका वाक्यात उरकायचं, नाहीतर नाताळावरच गाडी अडकेल.

२ जानेवारी २०२६

उतरती कळा. यावर फार वेळ घालवायचा नाही, पण कारण नीट सांगायला हवं.

१९४९ मध्ये त्याचं 'ट्रबल ब्लूज' रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १५ आठवडे पहिलं होतं, १९५१ मध्ये 'ब्लॅक नाइट' १४ आठवडे. पुढे मोठा गायक झालेला रे चार्ल्स तेव्हा अजून स्वतःचा आवाज शोधत होता आणि उघडउघड नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राउन यांची नक्कल करत होता. चारपाच वर्षांत सगळं उलटं झालं. रॉक अँड रोल आलं, ठेका दणकट झाला, गाणं ओरडून म्हणायचं झालं. ब्राउनचं गाणं मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, रात्री उशिराच्या क्लबात, निम्मी माणसं बोलत असताना म्हणायचं गाणं. ते मैदानावर चालत नाही. त्यात भर म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचा नाद. आलेला पैसा कुठे गेला हे फार शोधावं लागत नाही.

पण तो थांबला नाही. लहान क्लब, लहान कंपन्या, अधूनमधून एखादी रेकॉर्ड. साठ आणि सत्तरच्या दशकांसाठी टाचणात एवढंच ठेवलंय.

८ जानेवारी

'वन मोर फॉर द रोड' हा ब्राउनचा अल्बम हाती आला आणि सत्राचा रोखच बदलला.

१९८६ चं मुद्रण, ब्लू साइड नावाच्या छोट्या कंपनीचं. बिली बटलर गिटारवर, अर्ल मे बासवर, हॅरल्ड ऊसली टेनर सॅक्सवर, केनी वॉशिंग्टन ड्रमवर. सगळे पक्के, सगळे जपून वाजवणारे. ब्राउन ६३-६४ वर्षांचा. आवाज खाली उतरलाय, किंचित खरखरीत झालाय, आणि त्यामुळे तरुणपणी जे दुःख थोडं घडवलेलं वाटायचं ते आता नुसतं बोलल्यासारखं येतं. निम्मी गाणी तर ब्लूजच्या आराखड्यात बसतही नाहीत, जुनी, दारूच्या गुत्त्यात म्हणायची गाणी आहेत. पियानो मात्र सगळीकडे तोच. हे ऐकल्यावर १९९० ला 'पुनरागमन' म्हणायला जीभ रेटेना. माणूस १९८६ मध्ये पूर्ण तयारीनिशी उभा आहे. फक्त रेकॉर्ड दुकानात पोचत नव्हती. १९८९ मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर कंपनीने तीच परत काढली, तेव्हा कुठे हाताला लागू लागली.

मग १९९० ला बदललं काय? वितरण. मॅसॅच्युसेट्सच्या राउंडर कंपनीने बुल्सआय ब्लूज ही नवी शाखा काढली आणि तिचं पहिलंच प्रकाशन 'ऑल माय लाइफ'. निर्माता रॉन लेव्ही, स्वतः ऑर्गन वाजवणारा, बी. बी. किंगच्या ताफ्यात राहिलेला. सीडीचा जमाना सुरू झाला होता आणि जुन्या माणसांच्या नव्या मुद्रणांना दुकानात खण मिळत होता. त्याच वर्षी गायिका बॉनी रेटचं 'निक ऑफ टाइम' ग्रॅमीत वर्षाचा अल्बम ठरलं, आणि तिने आपल्या दौऱ्यावर ब्राउनला सुरुवातीच्या कार्यक्रमासाठी घेतलं. मोठमोठ्या प्रेक्षागृहांत लोक तिला ऐकायला यायचे आणि आधी हा कोण म्हातारा, म्हणून सावरून बसायचे. १९८९ मध्ये रिदम अँड ब्लूज फाउंडेशनने त्याला पायोनिअर पुरस्कार दिला होता, त्याचीही मदत झाली असणार.

पुनरागमन म्हणतात ते हे. कलावंत होता तिथेच होता, मालाची गाडी आली. सत्राचा कणा हा. अल्बम मध्यभागी राहील, पण त्याच्या आधी १९८६ ची दोन गाणी वाजवायची आणि लोकांना वर्ष सांगायचं नाही.

१३ जानेवारी

'ऑल माय लाइफ' सलग, हेडफोन लावून, पुस्तिका बाजूला ठेवून.

ध्वनी १९८६ पेक्षा उजळ. पियानो जवळ आहे. डाव्या हाताकडे लक्ष दिलं : बूगी वूगीवाल्यांसारखा डावा हात सतत घोडदौड करत नाही, बहुतेक वेळा बासला जागा देऊन नुसते कॉर्ड मांडतो. म्हणून जिथे तो खरोखर धावतो तिथे दचकायला होतं. ताफा या काळात त्याच्याबरोबर नेहमी फिरणारा : गिटारवर डॅनी कॅरन, जो त्याचा संगीत संयोजकही होता, सॅक्सवर क्लिफर्ड सॉलोमन. सॉलोमन रे चार्ल्सच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं होता. ज्याने ब्राउनची नक्कल करून सुरुवात केली त्याच्याकडून निघून माणूस मूळपुरुषाकडे आला. ही गोष्ट काकांना आवडेल. त्यांच्या भाषेत, मूळ द्रावणाकडे.

पाहुणे दोन, न्यू ऑर्लिन्सचा गायक-पियानोवादक डॉ. जॉन आणि गायिका रूथ ब्राउन. खरं सांगायचं तर पाहुण्यांची गाणी मला अल्बममधली सगळ्यात कच्ची वाटतात. वाईट नाहीत, हसतखेळत आहेत, दोघेही खानदानी. पण निर्मात्याला वेष्टनावर ओळखीची नावं हवी होती हे ऐकू येतं. ब्राउन एकटा असतो तेव्हा ओळींच्या मधली ती दोन बारांची जागा त्याची असते. पाहुणा आला की ती वाटून घ्यावी लागते, आणि मग त्याचं वेगळेपण उरत नाही. शेजारी दुसरं कुणी नसताना तो जे करतो त्यासाठीच तर अल्बम घ्यायचा.

लेव्हीला एक श्रेय द्यायलाच हवं. नव्वदच्या सुरुवातीला जुन्या माणसाला 'ताजं' करायचा मोह प्रचंड होता : मोठे ड्रम, इलेक्ट्रिक कीबोर्ड, मागे चार गायिका. त्याने ते केलं नाही. रसायनशास्त्राच्या या मास्तराला त्याचं स्वतःचं प्रमाण ठरवू दिलं.

१६ जानेवारी

२५ तारखेला सभागृह मिळत नाही. रथसप्तमी, म्हणजे हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस, पूर्ण दिवस गेलाय. ३१ ला संध्याकाळी मिळालं. स्पीकर आपले न्यायचे, तिथले भाषणापुरते आहेत. त्यांच्यावर बास ऐकूच येत नाही, आणि या संगीतात बास गेला की उरतं ते हॉटेलच्या लॉबीतलं वादन.

२१ जानेवारी

चार्ल्स ब्राउन गेला तो याच तारखेला, १९९९ मध्ये, ओकलंडला. त्याच्या आधी सात वर्षं, २१ जानेवारी १९९२ ला, हॅनोव्हरमध्ये चॅम्पियन जॅक ड्युप्री गेला. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवाला, उमेदीत मुष्टियोद्धा, नंतर युरोपात स्थायिक. 'बॅक होम इन न्यू ऑर्लिन्स' हा त्याचा अल्बमही १९९० चा, बुल्सआय ब्लूजचाच, रॉन लेव्हीचाच. १९५४ नंतर पहिल्यांदा तो आपल्या गावी परतला होता. तोही युरोपात सतत वाजवत होता, रेकॉर्डींचा ढीग घालत होता. अमेरिकेला दिसत नव्हता इतकंच. एकाच वर्षी, एकाच कंपनीकडून दोन 'पुनरागमनं', आणि दोघांपैकी कुणीच पियानोवरून उठलेला नव्हता. ड्युप्रीचं एक गाणं घेते. त्याचा दणकट, गावरान डावा हात ऐकला की ब्राउनचा मोजूनमापून चालणारा हात आपोआप समजतो. टाचणातली चार वाक्यं लिहायची वाचली.

२८ जानेवारी

क्रम पक्का. 'ड्रिफ्टिंग ब्लूज', दादाचं प्रात्यक्षिक, 'ब्लॅक नाइट', १९८६ ची दोन, चहा, मग 'ऑल माय लाइफ' मधली सहा, मध्ये ड्युप्री. शेवटी अल्बमनंतरचं थोडक्यात : १९९२ मध्ये 'समवन टू लव्ह', त्यात बॉनी रेट स्वतः पाहुणी; १९९४ मध्ये मोझेक कंपनीने अलाडिन या रेकॉर्ड कंपनीच्या काळातली त्याची सगळी मुद्रणं पाच सीडींच्या संचात काढली; १९९७ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप; १९९८ मध्ये हयातीतला शेवटचा अल्बम; आणि १९९९ च्या मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, मरणोत्तर. मोझेकचा संच मला यांत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नव्या अल्बमनं नाव झालं म्हणून जुनी मुद्रणं कपाटातून बाहेर आली, उलट नाही.

१ फेब्रुवारी

काल झालं सत्र. वेळेच्या वीस मिनिटं पुढे गेलं, सभागृहाच्या रखवालदाराने दोनदा दिवे लावून-विझवून आठवण दिली.

दादाचा गंधार गाजला. पेटीवाल्या तिघांनी चहाच्या वेळी त्याला घेरलं आणि त्याचा चहा गार झाला. १९८६ ची दोन गाणी वर्ष न सांगता लावली आणि विचारलं, कधीची असतील? अंदाज १९५५ पासून २००० पर्यंत पसरले. मग वर्ष सांगितलं आणि वितरणाची गोष्ट सांगितली. एक गृहस्थ, ज्यांचा जुन्या हिंदी रेकॉर्डींचा मोठा संग्रह आहे, म्हणाले की आमच्याकडेही हेच, माणूस गात असतो, तबकडी निघत नसते.

पाहुण्यांच्या गाण्यांवरून मात्र माझी खरडपट्टी निघाली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकू सरळ म्हणाल्या, "तू म्हणतेस ते असेल, पण त्या बाईबरोबर गाताना तो हसतोय. बाकी तासभर आम्ही त्याचं रडणंच ऐकत होतो." रूथ ब्राउनचं गाणं पुन्हा लावायची मागणी झाली, लावलं. मला अजून ते कच्चंच वाटतं.

काका शेवटपर्यंत बसले. निघताना त्यांचा प्रश्न एकच : शाळेत तो कोणत्या इयत्तेला शिकवत होता? मला सांगता आलं नाही.

मार्चसाठी मग रूथ ब्राउनच ठरली. तिने ॲटलांटिक कंपनीशी रॉयल्टीसाठी दिलेला लढा आणि त्यातून १९८८ मध्ये उभं राहिलेलं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन, या अंगाने करायचं, म्हणजे ब्राउनच्या त्या पायोनिअर पुरस्काराचाही धागा पुढे नेता येईल. रॉयल्टीचे हिशोब समजावून द्यायचं काम बँकेच्या काकूंनी मागून घेतलंय. स्पीकर अजून माझ्या घरात पडलेत, ते उद्या दादाकडे पोचवायचे.